‘झाल्यावर’ की ‘झाल्यास’? : जमीनखरेदीतील देणे आणि बचावाची परवानगी

मराठी दस्तऐवजांच्या भाषेकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष गेले ते बहुतांशी शब्दसंग्रहाच्या अंगाने. फारसी-अरबी शब्द किती टिकले, संस्कृत शब्द केव्हा आले, राज्यव्यवहारकोशाने काय साधले आणि काय साधले नाही, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. वाक्यरचनेचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला. वस्तुतः पक्षकाराचे नशीब बहुधा शब्दावर ठरत नाही. ते प्रत्ययावर ठरते. जमीनखरेदीच्या व्यवहारातील बाकी रकमेचा दावा आणि त्या दाव्याला उत्तर देण्यासाठी प्रतिवादीला न्यायालयाकडे मागावी लागणारी परवानगी, या एका लहानशा विषयाच्या आधारे ही गोष्ट प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाची आहे. उदाहरणासाठी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड-शहापूरकडील जमिनीचा व्यवहार घेतला आहे. भाताची खाचरे, वरकस जमीन आणि मधला खडकाळ भाग एकाच गटात येण्याचा प्रकार त्या बाजूस नेहमीचा असल्यामुळे, पुढे येणारा ‘क्षेत्र’ या शब्दाचा प्रश्न तेथे अगदी उघडा पडतो.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. सामान्य दिवाणी दाव्यात वादी आपला दावा मांडतो, प्रतिवादीला समन्स पोचते आणि तो आपली कैफियत दाखल करतो. त्यासाठी त्याला ३० दिवसांची मुदत असते, ती कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. उत्तर देणे हा त्याचा हक्क असतो. त्यासाठी कोणाचीही अनुज्ञा लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखाली दाखल होणाऱ्या संक्षिप्त दाव्यात मात्र हा क्रम उलटतो. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांच्या आत प्रतिवादीने नुसती उपस्थिती नोंदवावयाची आणि नोटिसा पाठविण्यासाठी आपला पत्ता द्यावयाचा. एवढे त्याने केले नाही तर वादीची सर्व विधाने कबूल आहेत असे धरून हुकूमनामा होतो. उपस्थिती नोंदविल्यानंतर वादी त्याच्यावर निर्णयासाठीचे दुसरे समन्स बजावतो, आणि ते मिळाल्यापासून पुन्हा १० दिवसांच्या आत प्रतिवादीला शपथपत्रासह अर्ज करावा लागतो : मला बचाव करण्याची परवानगी द्यावी. ती मिळाली तरच त्याच्या कैफियतीचा प्रश्न येतो. अर्ज केला नाही किंवा फेटाळला गेला, तर वादीला तत्काळ निर्णय मिळण्याचा अधिकार प्राप्त होतो. विलंबास पुरेसे कारण असल्यास न्यायालय तो माफ करू शकते, आणि विशेष परिस्थितीत झालेला हुकूमनामा रद्दही होऊ शकतो. परंतु हे अपवाद झाले.

ही पद्धत मुळात व्यापाऱ्यांची. इंग्लंडमध्ये १८५५ साली हुंड्यांच्या वसुलीसाठी संक्षिप्त कार्यपद्धतीचा कायदा झाला. १८६६ साली त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानात आला. पुढे तो विषय दिवाणी प्रक्रिया संहितेत आणि १९०८ च्या संहितेत ३७ व्या आदेशात समाविष्ट झाला. ज्याने हुंडीवर सही केली त्याने ती नाकारण्यासाठी वर्षानुवर्षे खटला लांबवू नये, हा त्यामागील हेतू. बाजारपेठेच्या शहरात तो रास्तच होता, आणि दीर्घकाळ ही पद्धत प्रामुख्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांतील न्यायालयांपुरतीच होती. १९७६ च्या दुरुस्तीने, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली, तिचे क्षेत्र इतर दिवाणी न्यायालयांपर्यंत विस्तारले. हुंडी, वचनचिठ्ठी यांच्याबरोबरच लेखी करारावरून उद्भवणारे देणे किंवा निश्चित रक्कम यांची मागणीही तिच्या कक्षेत येते. व्यापारी पेढीवर लिहिलेल्या हुंडीचे वाक्य आणि तालुक्याच्या गावी लिहिलेल्या साठेखताचे वाक्य यांना अशा रीतीने एकच मोजमाप लागू झाले. दोन वाक्ये एका जातीची नाहीत, हे मात्र कोणी विचारात घेतल्याचे दिसत नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. ८० गुंठ्यांचा एक गट. दर गुंठ्यास ५०,००० रुपये, म्हणजे एकूण ४० लाख. विसार आणि हप्ते मिळून २४ लाख पोचले. खरेदीखताची नोंदणी झाली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या ५४ व्या कलमानुसार किंमत अंशतः दिलेली व अंशतः देऊ केलेली असली तरी विक्री पूर्ण होऊ शकते, त्यामुळे मालकी घेणाऱ्याकडे गेली. उरलेल्या १६ लाखांविषयी दस्तात असे वाक्य आहे :

‘उरलेली रक्कम रुपये १६,००,००० जमिनीची मोजणी झाल्यावर प्रत्यक्ष क्षेत्रानुसार लिहून घेणार यांनी लिहून देणार यांस द्यावी.’

पुढे लगतच्या मालकाने हद्दीचा वाद काढला आणि मोजणी झालीच नाही. दोन वर्षांनी लिहून देणाराने १६ लाख रुपये व व्याज यांसाठी संक्षिप्त दावा लावला. घेणाऱ्याला परवानगी मिळावी की नाही?

सर्व प्रश्न ‘झाल्यावर’ या एका रूपापाशी येऊन थांबतो. मराठीत ‘-ल्यावर’ हे रूप कालवाचक आहे. ‘पाऊस पडल्यावर पेरू’ असे म्हणणारा मनुष्य पाऊस पडणार हे गृहीत धरतो. केव्हा पडेल एवढेच त्याला अनिश्चित असते. ‘-ल्यास’ हे रूप संकेतार्थी आहे. ‘पाऊस पडल्यास पेरू’ असे म्हणणाऱ्याने न पडण्याची शक्यता उघडी ठेवलेली असते. दस्तातील ‘झाल्यावर’ शब्दशः घेतला तर देणे आजच जन्मास आले, त्याची फेड तेवढी पुढे ढकलली, असा अर्थ होतो. ‘झाल्यास’ असते तर मोजणी होईपर्यंत देणेच जन्मास आले नाही, असे म्हणता आले असते. इंग्रजी कायद्याने हा भेद फार पूर्वीपासून मानला आहे : आज अस्तित्वात असलेले पण उद्या फेडावयाचे ऋण, आणि एखादी घटना घडली तरच उत्पन्न होणारे दायित्व. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये ३१ व ३२ या कलमांत दुसऱ्या प्रकाराचा सांभाव्य करार म्हणून विचार केला आहे. ती घटना घडेपर्यंत असा करार अमलात आणता येत नाही.

हा भेद व्याकरणात जितका स्वच्छ दिसतो तितका व्यवहारात नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. बोलताना ‘झाल्यास’ सहसा कोणी म्हणत नाही. ओटीवर बसून ठरलेला शब्द असतो तो ‘मोजणी झाली की पैसे’. हा ‘की’ कालही दाखवितो आणि अटही दाखवितो. कोणता अर्थ घ्यावयाचा ते बोलणाऱ्यांच्या परस्पर समजुतीवर सोडलेले असते. दस्तलेखक त्या ‘की’चे लेखी रूप करतो तेव्हा त्याला दोहोंपैकी एक निवडावे लागते, आणि तो बहुधा आपल्या जुन्या मसुद्यात जे आहे ते निवडतो. पक्षकारांच्या मनात नसलेला निश्चय अशा रीतीने कागदावर येतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, बोलीतील एका संदिग्ध अव्ययाचे प्रमाणभाषेतील दोन असंदिग्ध रूपांत विभाजन होते. आणि विभाजन करणारा तिसराच असतो.

प्रतिवादीच्या वकिलाला हा मुद्दा परवानगीच्या अर्जात मांडता येतो, आणि तो पोकळ नाही. शिवाय त्याच वाक्यात ‘प्रत्यक्ष क्षेत्रानुसार’ हे क्रियाविशेषण आहे. रक्कम १६ लाख अशी आकड्यात लिहिली आहे खरी, परंतु ती क्षेत्रानुसार बदलणारी आहे असेही त्याच दमात म्हटले आहे. मग ती निश्चित रक्कम कशी? संक्षिप्त पद्धतीचा पायाच निश्चित रकमेवर उभा असल्यामुळे, हा आक्षेप केवळ परवानगीपुरता न राहता दावा या पद्धतीने चालावा की नाही येथपर्यंत जातो.

‘क्षेत्र’ शब्दाचीही एक गोष्ट आहे. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब क्षेत्र वेगवेगळे दाखविलेले असते. आपल्या उदाहरणातील ८० गुंठ्यांपैकी ६ गुंठे पोटखराब आहेत असे धरू. विकणाऱ्याच्या मते क्षेत्र म्हणजे हद्दीच्या आतील सर्व. घेणाऱ्याच्या मते दर ठरला तो पिकाच्या जमिनीचा. ७४ गुंठ्यांची किंमत ३७ लाख होते आणि बाकी १६ ऐवजी १३ लाख उरते. कागदावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठे, आणि मनात ‘इकडच्या नाल्यापासून तिकडच्या बांधापर्यंत’, अशा तीन मापांत एकच जमीन वावरत असते. गुंठा आणि आर हे जवळजवळ सारखे असल्यामुळे (गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर, आर १०० चौरस मीटर) तो फरक सहसा कोणाला जाणवत नाही. पोटखराबाचा फरक मात्र तीन लाखांचा आहे.

येथे एक धोका आहे. ३७ व्या आदेशातील तरतुदीनुसार, मागितलेल्या रकमेचा काही भाग देणे असल्याचे प्रतिवादीने कबूल केले असेल, तर तेवढी रक्कम न्यायालयात भरल्याखेरीज त्याला बचावाची परवानगी मिळत नाही. समजा, प्रतिवादीने शपथपत्रात लिहिले : ‘वादीचे १६ लाख देणे नसून १३ लाख देणे आहे.’ ही कबुली झाली. १३ लाख भरल्याशिवाय त्याचे तोंड उघडणार नाही. त्याऐवजी त्याने लिहिले : ‘मोजणी न झाल्यामुळे कोणतेही देणे उत्पन्न झालेले नाही, आणि ते उत्पन्न झाले आहे असे न्यायालयास वाटलेच, तरीही ते १३ लाखांहून अधिक असू शकत नाही.’ हे कबुलीचे वाक्य नव्हे. ते वादासाठी क्षणभर धरलेले गृहीत आहे. ‘वाटलेच, तरीही’ या दोन पदांनी विधानाचे स्वरूप पालटले, आणि १३ लाख रुपये भरण्याचे संकट, निदान त्या वाक्यापुरते, टळले. आपल्याकडील विद्यार्थ्यांना ‘जरी-तरी’ची वाक्ये मिश्रवाक्याचा एक प्रकार म्हणून शिकविली जातात. त्यांचे एवढे मोल असू शकते हे त्यांना क्वचितच सांगितले जाते!

जुन्या धर्मशास्त्रीय व्यवहारविचारात या गोष्टींची जाण आजच्यापेक्षा अधिक होती, असे माझे मत आहे. तेथे वादाचे चार पाद मानले आहेत, आणि पहिल्याचे, म्हणजे वादीच्या लेखी मागणीचे नावच ‘भाषा’ असे आहे. दुसरा पाद उत्तर, नंतर क्रिया म्हणजे पुरावा, शेवटी निर्णय. उत्तराचे चार प्रकार विज्ञानेश्वराने मिताक्षरेत विवरिले आहेत : मागणी मान्य करणारे सत्य उत्तर, नाकारणारे मिथ्या उत्तर, पूर्वीच न्याय झाला असे सांगणारे प्राङ्न्याय उत्तर, आणि प्रत्यवस्कंदन किंवा कारणोत्तर. हे शेवटचे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. ‘घेतले खरे, पण फेडले’ किंवा ‘सही माझी, पण ती या कारणासाठी नव्हे’ असा त्याचा घाट असतो. मूळ वस्तुस्थिती मान्य करून तिच्या परिणामाला अडविणारे हे उत्तर आहे. जमीनव्यवहारातील जवळजवळ प्रत्येक खरा बचाव या जातीचा असतो, कारण कागद आणि सही नाकारण्याजोगी नसते. संक्षिप्त पद्धतीत नेमके हेच उत्तर देण्यासाठी आधी परवानगी लागते. याज्ञवल्क्याने मारहाण, चोरी अशा प्रकरणांत तत्काळ उत्तर घ्यावे आणि इतर वादांत वेळ देता येईल असे म्हटले आहे. ऋणाचा वाद या दुसऱ्या वर्गात पडतो. आपल्या संहितेत घाई नेमकी ऋणाच्या वादात आहे.

परवानगी कोणत्या कसोटीवर द्यावयाची, याविषयीचे न्यायनिर्णय विपुल आहेत. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या संतोषकुमार विरुद्ध भाई मूलसिंग या प्रकरणात दावा ६०,००० रुपयांच्या न वटलेल्या धनादेशावर होता, आणि धनादेश केवळ तारण म्हणून दिला होता असा प्रतिवादीचा बचाव होता. विचारणीय मुद्दा उपस्थित होत असताना रकमेच्या तारणाची अट घालणे योग्य नाही, असा तेथे निर्णय झाला. पुढे १९७६ साली मेकॅलेक एंजिनिअर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलकत्त्याच्या १९४५ सालच्या एका निर्णयातील तत्त्वे उचलून धरली; आणि २०१६ मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या निर्णयात त्यांची फेरमांडणी केली. तिचा आशय थोडक्यात असा : भक्कम बचाव असेल तर बिनशर्त परवानगी, विचारणीय मुद्दे असून बचाव रास्त दिसत असेल तर सर्वसाधारणपणे तीच, मुद्दे असले तरी त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका असेल तर अटी, बचाव संभाव्य पण न पटण्याजोगा असेल तर अधिक कडक अटी, प्रसंगी सर्व रक्कम भरण्याची, आणि बचावात काहीच दम नसेल किंवा तो केवळ त्रास देण्यासाठी असेल तर नकार.

‘विचारणीय मुद्दा’ या संज्ञेबद्दल एक टीप. मराठीतील ‘मुद्दा’ हा अरबी ‘मुद्दआ’वरून, म्हणजे ज्याचा दावा केला आहे त्या वस्तूवरून आला, असे मानले जाते, ‘दावा’ त्याच धातूचा. ‘कैफियत’ ज्या ‘कैफ’पासून आली त्याचा अरबीत अर्थ ‘कसे’. वादी ‘काय’ ते सांगतो, प्रतिवादी ‘कसे’ ते सांगतो. निदान आपल्या न्यायालयीन मराठीतील या दोन शब्दांचा मूळ विभाग असा आहे. ‘लीव्ह’ या इंग्रजी शब्दासाठी आपण फारसी ‘परवानगी’ घेतली.

आपल्या उदाहरणाला ही कसोटी लावली तर ‘झाल्यावर’चा मुद्दा दुसऱ्या पायरीवर यावा, असे मला वाटते. घेणाऱ्याने स्वतःच मोजणी अडविली असेल तर मात्र तो तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर घसरेल; अटीची घटना ज्याने स्वतः घडू दिली नाही त्याला अट न पुरल्याचा फायदा मिळू नये, हे उघड आहे. म्हणून शपथपत्रात मोजणीचा अर्ज कोणी केला, शुल्क कोणी भरले, लगतच्या मालकाची हरकत केव्हा आली, हे तारखांनिशी येणे प्रत्ययाच्या चर्चेइतकेच आवश्यक आहे. वादीकडेही एक विचार आहे. न मिळालेल्या किमतीसाठी विकलेल्या जमिनीवर त्याचा बोजा असतो (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, कलम ५५). तो वसूल करण्यास १२ वर्षांची मुदत आहे, तर घेणाऱ्यावरील व्यक्तिगत मागणीस फक्त ३ वर्षांची. परंतु बोजाची मागणी केली की दावा संक्षिप्त पद्धतीच्या चौकटीबाहेर जातो. वेग हवा की तारण, असा हा सौदा आहे.

काही बचाव वाक्यरचनेवर अवलंबून नसतात. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यास कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाने मनाई आहे. कुळाने कायद्याने विकत घेतलेल्या जमिनीच्या हस्तांतरावर ४३ व्या कलमाचे निर्बंध आहेत. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ व ३६-अ या कलमांचे निर्बंध आहेत. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती असलेल्या या तालुक्यांत हे निर्बंध वारंवार प्रश्नात येतात. व्यवहारच निषिद्ध असेल तर त्याची बाकी कसली?

दुसरा, आणि इतिहासदृष्ट्या अधिक वेदनादायक प्रकार म्हणजे खरेदीखताचा पेहराव चढविलेले गहाण. सावकाराने कर्ज द्यावयाचे, तारण म्हणून खरेदीखत करून घ्यावयाचे, वर एक वचनचिठ्ठीही. मराठीत ‘गहाण-लहाण’ हा शब्दच या मनोवृत्तीची साक्ष आहे : मुदतीत फेड झाली नाही तर गहाण तीच विक्री. १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयाने रामजी विरुद्ध चिंतो या निर्णयात असे गहाण मुदतीनंतरही सोडविता येते असे ठरविले. प्रिव्ही कौन्सिलने १८७० साली मद्रासकडील एका प्रकरणात उलट दृष्टी घेतली. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून प्रथम शोधले ते रोखे, आणि ते जाळले. कागदावरील वाक्याशी आपण वाद घालू शकत नाही, ही त्यामागची समजूत होती.

त्या दंग्यांनंतर आलेला १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा भाषेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. त्याच्या १२ व्या कलमाने न्यायालयावर असे कर्तव्य घातले की शेतकरी ऋणकोविरुद्धच्या दाव्यात व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा. त्याने कबुली दिली असली तरीही ती खरी आहे आणि आपल्या कायदेशीर हक्कांची पूर्ण जाणीव ठेवून दिलेली आहे, अशी खात्री झाल्याशिवाय तपास टाळू नये. पुढे त्याच कायद्यात, खरेदीखत म्हणून लिहिलेला दस्त वस्तुतः गहाण होता हे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा देणारे कलम आले. प्रथम हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत लागू होता. पुढे मुंबई इलाख्यात त्याचा विस्तार झाला. १९३९ च्या कृषिऋणको साहाय्य कायद्याने आणि नंतर १९४७ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. तेथे प्रतिवादी गप्प राहिला तरी न्यायालयाने त्याला बोलते करावयाचे होते. येथे तो बोलू इच्छितो तरी त्याने आधी विचारावयाचे आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये जुन्या दृष्टीचा एक अंश शिल्लक आहे : परवान्याविना सावकारी करणाऱ्यास हुकूमनामा मिळत नाही, आणि कलम १८ खाली जिल्हा निबंधक सावकारीच्या ओघात झालेले खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देवू शकतात. म्हणून असा बचाव असलेल्या प्रतिवादीने परवानगीच्या अर्जात वादीच्या सावकारी परवान्याचा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात आणणे इष्ट होय.

आता दस्तातील आणखी एका वाक्याकडे वळू. ‘सदर रक्कम रोख भरून पावली, तक्रार नाही.’ या वाक्यात रक्कम हा कर्ता आहे. पावण्याची क्रिया त्याच्याकडे. देणारा कोण याचा पत्ता नाही, घेणारा असलाच तर चतुर्थीत. कोणी, कोणास, केव्हा दिले याविषयी मौन पाळणारे पण पूर्ततेचा ठसा उमटविणारे हे वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. पुराव्याच्या कायद्यानुसार, म्हणजे पूर्वी १८७२ च्या अधिनियमाची ९१ व ९२ ही कलमे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाची ९४ व ९५ ही कलमे यांनुसार, लेखी कराराच्या शर्तीविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही; परंतु मोबदला मिळालाच नाही हे दाखविता येते. बाकीचा दावा लावणाऱ्या विक्रेत्याच्या दस्तात हे वाक्य असेल तर ते प्रतिवादीच्या हाती आयते सापडते. याउलट ‘देणे लागतो’ असे एखाद्या चिठ्ठीत लिहिले असेल तर वादीचे काम निम्मे झाले : ‘द्यावयाचे ठरले’ हे भूतकाळातील ठरावाचे कथन आहे, ‘देणे लागतो’ ही आजच्या दायित्वाची कबुली आहे, आणि मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी दिलेली अशी कबुली मुदत कायद्याच्या १८ व्या कलमाखाली नवी मुदत सुरू करते.

शेवटचा प्रश्न अनुवादाचा. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा म्हणून मराठी १९९८ च्या अधिसूचनेने ठरली. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालते. त्यामुळे परवानगी नाकारली गेली आणि प्रकरण वर गेले, की दस्ताचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. आपल्या उदाहरणातील ‘मोजणी झाल्यावर’ याचे भाषांतर बहुधा ‘ऑन मेजरमेंट’ असे केले जाईल, आणि ‘मोजणी झाल्यास’ असते तरी घाईत तेच केले गेले असते. इंग्रजीतील ‘ऑन’ हा आपल्या ‘की’सारखाच दुहेरी आहे. दस्तलेखकाने बोलीतल्या संदिग्ध शब्दाला दिलेला निश्चित अर्थ असा पुन्हा संदिग्ध होतो. ज्याने भाषांतराच्या शेजारी मूळ मराठी वाक्य ठेवून त्यातील प्रत्यय दाखविला नाही, त्या पक्षकाराच्या बाजूने किंवा विरुद्ध, काहीही वाचले जाऊ शकते.